उतारावर ट्रॅक्टर घालण्याआधी

आजरा तालुक्यात आईच्या नावावर साडेचार एकर डोंगर आहे. रान म्हणायची पद्धत म्हणून रान म्हणायचं, सपाट असं त्यात खळ्यापुरतंच. तांबडी माती, मधूनच डोकं वर काढलेला जांभा आणि आठ-आठ मीटरवर वेंगुर्ला-४ जातीचे काजू. मी नोकरीला कोल्हापुरात, शिरोलीच्या एमआयडीसीत. शनिवारी संध्याकाळी निघायचं, अडीच तासांनी घरी पोचायचं, रविवारी रात्री परत. पुढचं सगळं या रविवारांत बसवलेलं आहे, तेव्हा रोज शेतावर असणाऱ्याला यातलं बरंच निम्म्या वेळात जमेल.

मार्च २०२३ मध्ये शेजारच्या पडीक डोंगरावरून वणवा आमच्यात आला. छातीएवढं वाळकं कुसळी गवत, वर दुपारचा वारा. चाळीसेक झाडं होरपळली, त्यातली एकवीस पुन्हा फुटलीच नाहीत. तेव्हापासून दिवाळीनंतर सगळं गवत काढायचंच असं ठरवलं. २०२४ ला मजुरीचे एकतीस हजार गेले, तरी वरचा तिसरा हिस्सा राहिलाच. माणसं मिळत नाहीत, आणि त्यांना दोष तरी कसा द्यायचा? ऊसतोड सुरू झाली की जो तो तिकडं. भाड्यानं ट्रॅक्टर विचारला, तर चालकानं खालून डोंगराकडं बघितलं आणि म्हणाला, "न्हाई जमायचं. ट्रॅक्टर माझा न्हवं, हप्त्याचा हाय."

मग आपलाच छोटा ट्रॅक्टर घ्यावा, असं मे २०२५ मध्ये ठरलं.

आधी कागद. ट्रॅक्टरचं अनुदान महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या पोर्टलवर, कृषी यांत्रिकीकरण उपअभियानातून मिळतं. महिला, अल्प-अत्यल्प भूधारक आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना किमतीच्या पन्नास टक्के, पण सव्वा लाखाच्या वर नाही. बाकीच्यांना चाळीस टक्के आणि एक लाखाची मर्यादा. जमीन आईची, क्षेत्र दोन हेक्टरच्या आत, म्हणून अर्ज तिच्याच नावानं. १५ एप्रिल २०२५ पासून शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झालाय, तो आमच्याकडं नव्हता. तो काढायला गेलो तर आधारला जोडलेला नंबर आईच्या जुन्या फोनचा, आणि ते सिम कधीच बंद पडलेलं. नंबर बदलून घेण्यात आठवडा गेला. मग सातबारावरच्या नावापुढं 'बाई' लागलेलं, आधारवर नाही. आई म्हणाली, "लग्न झाल्यावर तलाठ्यानं लिवलं, मला कोण इचारतंय?" एवढ्या 'बाई'साठी प्रतिज्ञापत्र झालं, दोन हेलपाटे झाले. तुमच्यात कुणी आबासो, बाळासो असतील तर अर्जाच्या आधी सातबारा, आधार आणि बँक पासबुक तिन्ही शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून बघा.

अर्ज २३ मे रोजी भरला, फी २३ रुपये ६० पैसे. पूर्वी सोडत असायची, आता आधी अर्ज करील त्याला आधी. निवड झाल्याचा मेसेज जूनअखेर आला. त्यावर कोटेशन, ट्रॅक्टरच्या मॉडेलचा तपासणी अहवाल, सातबारा, आठ-अ असं सगळं चढवलं आणि ते परत आलं. विक्रेत्यानं कोटेशनवर मॉडेलचं नाव जसं लिहिलं होतं तसं ते तपासणी अहवालावर नव्हतं, शेवटचं एक अक्षर कमी होतं. ते दुरुस्त करून घ्यायला तीन रविवार गेले. खरेदीची पूर्वसंमती २९ ऑगस्टला मिळाली. तिच्या आधी ट्रॅक्टर घेतला की अनुदान विसरायचं. 'आज बुक करा, कागद मागनं बघू' म्हणणाऱ्यापासून लांब राहा.

पुढं एक गंमत झाली. ३ सप्टेंबरला जाहीर झालं की ट्रॅक्टरवरचा जीएसटी बारावरून पाच टक्क्यांवर येणार, पण २२ सप्टेंबरपासून. पूर्वसंमतीच्या पत्रावर खरेदीला तीस दिवसांची मुदत. म्हणजे २२ च्या पुढं आणि २८ च्या आत, एवढ्याच फटीत खरेदी बसवायची. मूळ किंमत पाच लाख साठ हजार, फरक ३९ हजार २०० रुपयांचा. थांबलो. घटस्थापनेच्या दिवशी नवीन कोटेशन घेतलं, २५ ला पाच लाख अठ्ठ्याऐंशी हजारांचं बिल झालं. पैसे आईच्या खात्यातूनच आरटीजीएसनं दिले. निम्मे साठवलेले होते, निम्मे कर्जाचे. ट्रॅक्टर दसऱ्याला दारात आला. त्या दिवशी शोरूममध्ये झेंडूच्या माळांतून वाट काढावी लागत होती.

अठ्ठावीस एचपी, फोर व्हील ड्राइव्ह, मागं चार फुटी स्लॅशर, म्हणजे फिरत्या पात्यानं गवत कापणारं अवजार. स्लॅशर वेगळा, अठ्ठेचाळीस हजार. आणि रोल बार. ड्रायव्हरच्या डोक्यामागं उभी राहणारी ही लोखंडी कमान मॉडेलवर 'ऑप्शनल' होती. विक्रीवाला पोरगा म्हणाला, "सर, कोण घेत नाही हो, झाडाला अडकतंय." मी हट्टानं कंपनीची, तपासलेलीच मागितली. कोल्हापूरच्या उद्यमनगरात, वर्कशॉपांच्या वस्तीत, कुणीही मिस्त्री तशी कमान दोन दिवसांत वाकवून देईल, हात त्यांचा चांगलाच आहे. पण टनभर वजन उलटं अंगावर आल्यावर ती टिकेल की नाही हे कोण सांगणार? उद्यमनगरात मी दुसरं काम करून घेतलं: स्लॅशरच्या मागंपुढं साखळ्यांचा पडदा. पातं जांभ्याचा खडा गोफणीसारखा भिरकावतं. अडीच हजार रुपये लागले, आणि पहिल्याच दिवशी त्या साखळ्यांवर टणाटण आवाज ऐकून ते वसूल झाले.

शिकवायला मामा. मामांनी बावीस वर्षं ट्रॅक्टरवर ऊस ओढलाय, दोन-दोन ट्रॉल्या लावून, चढाला पुढची चाकं उचलली जात असताना. त्यांच्यापुढं मी काय बोलणार? पण सपाटीवरचा हात वेगळा आणि उताराचा वेगळा, हे दोघांनाही शिकावं लागलं. मामांची जुनी सवय म्हणजे उतार आला की न्यूट्रल. डिझेल वाचतं म्हणे. रस्त्यावरसुद्धा ते वाईटच, डोंगरावर तर बघायलाच नको. ट्रॅक्टरचे ब्रेक बहुतेक मागच्या चाकांनाच असतात, आणि खाली उतरताना वजन पुढं सरकून नेमकी मागची चाकं हलकी होतात. ओल्या गवतावर ती जागच्या जागी थांबतात आणि ट्रॅक्टर घसरतच राहतो. फोर व्हील टाकलेलं असेल तर पुढची चाकंही इंजिनशी बांधलेली राहतात, चारही चाकं धरून ठेवतात. म्हणून उतारावर लो गिअर, फोर व्हील, क्लचवर पाय नाही. गिअर निवडायचा तो वर सपाटीवरच.

"मग डिझेल?" मामा म्हणाले.

"जाऊ दे की मामा, तुमच्यापेक्षा महाग आहे का?"

"बघ हं भाच्या, बिल मी भरत न्हाई."

दुसरं म्हणजे ब्रेकची दोन पेडलं. शेतात वळताना एकाच बाजूचा ब्रेक दाबून गिरकी घ्यायची सवय सगळ्यांनाच असते. उतारावर ती गिरकी म्हणजे सरळ पालथं. दोन पेडलांना जोडणारी एक छोटी पट्टी असते, ती लावायची. आमच्या नव्या ट्रॅक्टरवर ती रंगानं चिकटून बसली होती, स्क्रूड्रायव्हरनं सोडवली.

मागच्या टायरांत पाणी भरलं. व्हॉल्व्ह वरच्या बाजूला आणायचा आणि त्या पातळीपर्यंत पाणी घालायचं, साधारण पाऊण टायर भरतो. उरलेल्यात हवा. दोन्ही मिळून शंभर-सव्वाशे किलो वजन वाढलं, आणि तेही खाली, जमिनीलगत. रिमा उलट्या बाजूनं बसवून मागच्या चाकांमधलं अंतरही जमेल तेवढं वाढवून घेतलं. माणूस बोटीत पाय फाकवून उभा राहतो, तसंच ते.

आता मोजणी. ११ आणि १२ ऑक्टोबर, दोन्ही दिवस. मला विचाराल तर सगळ्या खटाटोपात खरं काम हेच. आमच्याकडं 'बरा उतार', 'खडा उतार' आणि 'शेळ्याबी जात न्हाईत' अशी मापं आहेत. विक्रेता सांगायचा, "पंचवीस टक्के चढ आरामात." पंचवीस टक्के म्हणजे पंचवीस अंश नव्हे, जेमतेम चौदा अंश. शिवाय तो सरळ नाकासमोर चढण्याचा आकडा. आडवं चालताना ट्रॅक्टर किती सोसतो, ते त्यात नाही.

फोनमधल्या अॅपवर माझा भरवसा नव्हता. गवंड्याकडून सहा फुटी अल्युमिनियमची सरळ पट्टी आणि लेव्हल आणली. पट्टीचं एक टोक उताराला टेकवायचं, लेव्हल बघून पट्टी आडवी धरायची आणि दुसऱ्या टोकापासून जमिनीपर्यंत टेपनं मोजायचं. तेरा इंचांच्या जरा आत आलं तर दहा अंश. सव्वाएकोणीस इंच म्हणजे पंधरा, सव्वासव्वीस म्हणजे वीस. आई टेप धरायची, मी वहीत लिहायचो. कारखान्यात दिवसभर मापंच घेतो, त्यामुळं हे काम मला मनापासून आवडलं. आईला आवडलं नाही. "एवढ्या येळात निम्मं कापून झालं असतं," असं ती चारदा म्हणाली.

अडुसष्ट ठिकाणं मोजली. ठरवलं ते असं: पंधरा अंशांच्या आत ट्रॅक्टर, आणि तोही फक्त खालीवर, आडवा कधीच नाही. त्यापुढं ट्रॅक्टर नाही, मग वरचं गवत कितीही माजलेलं असो. पंधराचा हा आकडा देवानं सांगितलेला नाही. ओली जमीन, खड्डे, दगड असले तर दहालाही उलटतो. हद्दीवर वीस-पंचवीस पावलांवर दगड मांडले आणि त्यांना लाल रंग दिला. साडेचारपैकी पावणेतीन एकर दगडांच्या खाली आलं. एवढे पैसे घालून पावणेदोन एकर तसंच राहणार, हे वहीत बघितलं तेव्हा पोटात खड्डा पडला. ते मी घरी दोन दिवस सांगितलंच नाही.

रोल बार फांद्यांना अडकणार हे त्या पोराचं म्हणणं मात्र खरं निघालं. ती कमान दुमडता येते, आणि दुमडायचा मोह फार होतो. पण कमान उभी आणि पट्टा बांधलेला, ही जोडी आहे. कमान दुमडून पट्टा बांधला तर उलटताना माणूस खालीच सापडतो. मग कमान ठेवली आणि काजूच्या खालच्या फांद्या छाटल्या. काजूचा चीक हाताला लागू देऊ नका. माझी मनगटं आठवडाभर सोलवटलेली होती.

१४ ऑक्टोबरला मोका तपासणी, म्हणजे जागेवर येऊन ट्रॅक्टर बघणं, झाली. कृषी खात्याचे साहेब आले, चॅसी नंबर बघितला, आईला ट्रॅक्टरशेजारी उभं करून फोटो काढला. आईनं नवं लुगडं नेसलं होतं, पण फोटोत नंबर प्लेटची जागा दिसायला हवी म्हणून तिला कडेला सरकवलं, याचा राग अजून आहे. आरटीओकडं नोंदणी झाली आणि एमएच-०९ चा नंबर पुढच्या आठवड्यात आला.

दिवाळीतही पावसानं पाठ सोडली नाही. गवत ओलं, माती निसरडी. ८ नोव्हेंबरच्या शनिवारी रजा टाकली आणि सुरुवात केली. सकाळी सातला आम्ही तयार होतो, पण दव एवढं की पायातलं पायताण घसरत होतं. दहापर्यंत थांबलो. पुढंही रोज दहानंतरच. त्या वेळात काठी घेऊन प्रत्येक ओळ चालत बघायची. दगड, उंदरांची बिळं, तोडलेली खुंटं दिसतात. एकदा घोणस निघाली, एकदा गांधीलमाश्यांचं पोळं. बिनकेबिनच्या ट्रॅक्टरवर पट्टा बांधून बसलेल्या माणसाला गांधीलमाश्या उठल्या तर पळता येत नाही, म्हणून तेवढा भाग सोडला.

आमच्या नशिबानं खाली शेतरस्ता आहे आणि मध्यावर जुनी गाडीवाट. दोन्ही सपाट. त्यामुळं पद्धत बसली ती अशी: गाडीवाटेवर गिअर टाकायचा, स्लॅशर टेकवायचा, सरळ खाली कापत यायचं. रस्त्यावर आल्यावर पीटीओ (इंजिनची ताकद स्लॅशरला देणारा दांडा) बंद, स्लॅशर वीतभर उचलायचा आणि कापलेल्याच पट्ट्यावरून उलटं, रिव्हर्समध्ये वर जायचं. उलटं अशासाठी की मागं स्लॅशरचं वजन लोंबत असताना नाक वर करून चढलं, तर पुढची चाकं उचलतात. हे मामांना सांगावं लागलं नाही. ट्रॉलीवाल्याला ते अंगानं ठाऊक असतं. वळायचं ते फक्त सपाटीवर. मान मात्र दुखते. संध्याकाळी मी डावीकडं बघूच शकत नव्हतो.

झाडांच्या दोन ओळींमध्ये सहा-सात फेऱ्या लागतात. तासाला दोन-सव्वादोन लिटर डिझेल जायचं. पहिल्या दिवशी एवढा जपून चाललो की पाच तासांत पाऊण एकरही झालं नाही. मामा खाली दगडावर बसून बघत होते. म्हणाले, "वरात बरी पळती."

त्यानं बिघडलं. १६ नोव्हेंबर, रविवार, दुपारी चार. पूर्वेच्या कोपऱ्यात गाडीवाट संपते, तिथं वर वळायला जागा नाही. खालून पुन्हा फेरी घ्यायची तर दहा मिनिटं. उतार वहीत अकरा अंशांचा होता. म्हटलं, चार मीटरच तर आडवं जायचंय. गेलो. वरच्या अंगाला, पाणलोटाच्या कामात, पूर्वी कधीतरी सलग समतल चर, म्हणजे पाणी मुरवायला उताराला आडवे खणलेले चर, मारलेले आहेत. ते सगळे लाल दगडांच्या वर, अशी माझी समजूत. एक चर खाली होता. गाळानं निम्मा भरलेला, वर गवत जमिनीच्या रेषेत वाढलेलं. खालच्या बाजूचं मागचं चाक त्यात गेलं. मोठा आवाज वगैरे काही नाही. सीट उजवीकडं कलली, माझा डावा गुडघा वर आला, आणि वरच्या बाजूचं मागचं चाक हवेत सावकाश फिरताना दिसलं. त्याच्या खोबणीतनं एक गवताची काडी लोंबत होती, ती अजून दिसते.

अंग म्हणतं उडी मार. उडी मारायची ती बहुतेक खालच्या बाजूलाच पडते, आणि ट्रॅक्टरही तिकडंच येणार असतो. पट्टा होता म्हणून मी बसून राहिलो, एवढंच. हातानं स्लॅशरची लिव्हर खाली ढकलली. तो जमिनीला टेकला आणि वजन त्याच्यावर आलं. मग स्टेअरिंग खाली, उताराच्या दिशेला. वर वळवून सावरायला गेलं की उलटतो, हे मामांनी नाही, मीच मामांना वाचून दाखवलं होतं. ट्रॅक्टर नाकासमोर खाली झाला, चाक चरातून सुटलं. शेतरस्त्यावर येऊन इंजिन बंद केलं. हात थरथरत होते. चावी काढायला जमेना.

मामा धावत आले. काही बोलले नाहीत. बाटलीतलं पाणी दिलं, मग म्हणाले, "माझ्या बोलण्यावर जात जाऊ नकोस, लेका." आईला त्या दिवशी आम्ही सांगितलं नाही. तिला दुसऱ्या रविवारी कळलं, कारण मामांना राहवेना.

पुढच्या शनिवारी काठीनं तो चर शोधून त्याच्या दोन्ही टोकांना लाल दगड ठेवले, आणि पूर्वेचा तो कोपरा हद्दीबाहेर काढला. म्हणजे ट्रॅक्टरखालचं क्षेत्र अडीच एकर झालं. ३० नोव्हेंबरला ते संपलं. एकूण बावीस तास, पन्नासेक लिटर डिझेल, शिअर बोल्ट तीन. हे बोल्ट आधीच डझनभर घेऊन ठेवा. पातं दगडाला अडकलं की ते तुटण्यासाठीच असतात. तिथं साधा कडक बोल्ट घातला तर गिअरबॉक्स जातो.

वरचं दोन एकर माणसांनीच कापलं. दोघं ब्रश कटरवर (गवत कापायचं हातातलं यंत्र), सहा बायका विळ्यानं, पाच दिवस. सोळा हजार रुपये. बायकांना आधी खालच्या बांधावरचं मारवेल आणि पवना कापायला लावलं होतं, कारण स्लॅशर गवताचा चुरा करतो, म्हशीला त्यातलं काही राहत नाही. वैरण हवी असेल तर स्लॅशर घेऊ नका, कापून आडवं पाडणारा कटर बार बघा. मला चुरा झाडाखाली आच्छादनाला हवा होता. पण तोही वाळला की पेट घेतोच, म्हणून शेजारच्या हद्दीनं आग अडवायला दहा फुटांचा जाळपट्टा झाडून लख्ख केला. फरक इतकाच की छातीएवढ्या ज्वाळेच्या जागी आता घोट्याएवढी असेल, ती दोन माणसांना हिरव्या डहाळ्यांनी मारता येते.

आता कुणी विचारतं, परवडलं का? सव्वा लाख अनुदान फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आईच्या खात्यात आलं, बिलानंतर जवळजवळ साडेचार महिन्यांनी. तोवरचे हप्ते माझ्या पगारातून गेले. नुसत्या गवताच्या हिशेबानं हा ट्रॅक्टर दहा वर्षांतही फिटायचा नाही. खत वर नेणं, काजू खाली आणणं, फवारणीची टाकी ओढणं, हे धरलं तर कदाचित फिटेल. पाच एकराच्या आतलं रान असेल आणि एवढंच काम असेल, तर दोन चांगले ब्रश कटर घ्या आणि उरलेले पैसे मजुरीला ठेवा, असंच मी सांगतो. मामांना हे मत मान्य नाही.

दगडांबद्दल एक राहिलं. पहिल्यांदा मी नुसता चुना मारला होता. तो चार दिवसांच्या दवातच गेला. मग लाल ऑइल पेंट, दोन हात. जून उजाडायच्या आत तिसरा हात द्यायचाय, कारण जुलैपासून गवत दगडाच्या वर जातं. त्यासाठी प्रत्येक दगडाशेजारी एक बांबूही रोवायचाय. वरच्या टोकाला तोच लाल रंग.